गळ किती खोल सोडायचा?

पुण्यात येरवड्याला, मुळा-मुठेवरच्या बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी गळ टाकून बसणाऱ्यांत नवा माणूस येऊन टेकला, की ‘काय लावलंय?’ असं त्याला सहसा कुणी आधी विचारत नाही. विचारतात, ‘किती सोडलंय?’ बूच आणि गळ यांच्यामध्ये तंगूस किती ठेवलाय, दोन हात, चार हात, की बूच काढून टाकून शिसं थेट तळाला बसवलंय? उत्तर आलं की बाकीचं विचारावं लागत नाही. हा कोणत्या माशासाठी आलाय, पिठात काय मिसळलं असेल आणि येरवड्याचं पाणी त्याच्या ओळखीचं आहे की नाही, हे त्यावरूनच कळतं.

आपल्या गोड्या पाण्यात गळाला लागणारे मोठे मासे बहुतेक कार्प कुळातले. त्यांतला कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी. शेततळ्यात या तिघांची बोटुकली एकत्र सोडतात ती याचसाठी. एकमेकांच्या तोंडचं न काढता तिघं एकाच तळ्यात वाढतात. मत्स्यशेतकऱ्याचं हे गणित गळवाल्यालाही तसंच लागू पडतं. थर चुकला तर आमिष कितीही सुगंधी असो, ते रिकाम्या जागेत लटकत राहतं.

थर ठरला की माशाचं तोंड बघायचं. कटल्याचं डोकं मोठं, खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव तो कल्ल्यांतल्या बारीक गाळणीने गाळून खातो. त्याच्यापुढे हरभऱ्याचा दाणा धरून उपयोग नाही. त्याला पीठ असं लागतं, की पाण्यात पडल्याबरोबर सुटायला लागेल आणि गळाभोवती त्याचा ढग उठेल. भाजक्या चण्याचं पीठ, पावाचा चुरा आणि बांधणीपुरता मैदा एकत्र करून गोळा इतका सैल ठेवायचा, की फेकताना जेमतेम टिकावा. गळ त्या ढगाच्या मधोमध असला पाहिजे. कटला ढग ओढतो आणि ढगाबरोबर गळही तोंडात जातो. बूच खाली जाईल म्हणून वाट बघणारा इथे फसतो, कारण एवढ्या मोठ्या माशाच्या तोंडी गळ असताना बूच कित्येकदा नुसतं थरथरतं.

रोहूचे ओठ जाड आणि कडा झालरदार. तो कुरतडतो, चाखतो, सोडतो, परत येतो. त्याच्यासाठी पीठ थोडं घट्ट मळायचं आणि गळ आठ किंवा दहा नंबरचा घ्यायचा. (नंबर वाढेल तसा गळ लहान होत जातो. दुकानात पहिल्यांदा गेलेला माणूस हमखास उलटा गळ घेऊन येतो.) मृगळ तळाचा गाळ आणि कुजका पाला चिवडत फिरतो, त्यामुळे त्याला बूच नको. शिसं तळाला टेकवायचं, त्यापुढे वीतभर तंगूस मोकळा सोडायचा आणि शेंगदाण्याची पेंड लावायची. गवत्या नावाप्रमाणे हिरवं खातो, त्याला कोवळी पाती किंवा मक्याचा दाणा चालतो. चंदेऱ्या पाण्यातलं शेवाळ गाळून खातो. गळवाल्यांनी त्याच्यामागे फार वेळ घालवू नये असं मला वाटतं.

सायप्रिनसबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. परदेशात ‘कार्प फिशिंग’ म्हणतात ते मुख्यतः याच माशाचं, आणि येरवड्याच्या आजच्या पाण्यात कार्पांपैकी तोच जास्त तग धरतो. त्याला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि त्यांच्यावर चव घेणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही तळ चाचपत तो अन्न शोधतो. तोंड पुढे काढून गाळासकट घास ओढतो, आतल्या आत चाळतो आणि नको ते थुंकतो. त्याच्या जबड्यात दात नाहीत. दात घशात आहेत, आणि त्यांनी तो गोगलगाईचं कवचसुद्धा भरडतो. ओढणं आणि थुंकणं या दोन क्रियांमध्ये फारच थोडा वेळ जातो. पिठात लपवलेला गळ त्याच्या तोंडात जातो आणि तसाच परतही येतो, काठावरच्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही.

यावरचा तोडगा १९७०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी काढला. आमिष गळात टोचायचंच नाही. गळाच्या मागून एक बारीक धागा सोडायचा आणि आमिष त्या धाग्यावर ओवायचं. गळ उघडाच राहतो. मासा आमिष ओढतो, पाठोपाठ मोकळा गळ आत जातो, आणि थुंकताना गळाचं टोक खालच्या ओठात रुततं. सुरुवातीच्या प्रयोगांत धाग्याऐवजी खरोखर माणसाचा केस वापरला होता, म्हणून या मांडणीला ‘हेअर रिग’ म्हणतात. आज पुण्यातले तरुण गळवालेही हाच शब्द वापरतात. आमिष गळाबाहेर ठेवून मासा गळाला धरायचा, ही कल्पना मला या साऱ्या छंदातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट वाटते. माशाची सवय बदलता येत नाही, म्हणून त्या सवयीवरच गळ बसवलेला आहे.

इंग्लंडमध्ये कार्पाचं वेड पसरलं ते त्याच्या आधीच. १३ सप्टेंबर १९५२ रोजी रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोंचा सायप्रिनस धरला. तोवर इतका मोठा कार्प गळाने निघत नाही असाच समज होता. आमिष साधं पावाचं होतं. मासा न मारता लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला दिला आणि तिथे तो पुढे बरीच वर्षं जगला. नंतरच्या काळात फ्रेड विल्टन आणि इतरांनी पीठ व अंडी मळून उकडलेल्या गोळ्या रूढ केल्या. त्यांना तिकडे ‘बॉइली’ म्हणतात. उकडल्यामुळे वरून चामट कवच येतं आणि बारीक मासळीला ते फोडता येत नाही. आपल्या वरणफळांचीच ही जात, फक्त फोडणी नाही आणि खाणारा वेगळा.

येरवड्याला या गोळीचा खरा उपयोग आहे, आणि त्याचं कारण चिलापी. मूळ आफ्रिकेतला हा मासा आता राज्यातल्या नद्या-धरणांत सर्वत्र झाला आहे. मऊ पीठ पाण्यात पडलं की चिलापीची पिल्लं त्यावर तुटून पडतात आणि गळ उघडा पाडतात. मोठा मासा यायच्या आत गळवाल्याचं अर्धं पीठ यांच्या पोटात. म्हणून सायप्रिनससाठी बसायचं तर आमिष कडकच हवं. उकडलेली गोळी हा एक मार्ग, पण त्याहून स्वस्त आणि माझ्या मते सरस मार्ग म्हणजे काबुली चणा किंवा मक्याचा दाणा. चणे रात्रभर भिजवायचे आणि बोटाने दाबला तर चेपेल पण फुटणार नाही इतपत शिजवायचे. कच्चं किंवा अर्धवट भिजलेलं कडधान्य पाण्यात टाकू नये. ते माशाच्या पोटात जाऊन फुगतं आणि त्याला मारतं. मका शिजवून त्याच पाण्यात दोन-तीन दिवस आंबू दिला तर त्याला जो वास सुटतो, तो घरात कुणाला सोसवत नाही, पण तळाच्या माशाला लांबून कळतो.

चण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं, आणि महासीर माशासाठी चणा कसा वापरावा हे त्यात सांगितलं. घाटावर भाविक जे टाकतात त्यालाच मासे सरावतात, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच्याही साडेसातशे वर्षं आधी, इसवी सन ११३०च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचा स्वतंत्र भाग आहे. माशांच्या जाती, कुणाला कोणतं खाद्य घालावं, गळ आणि दोरी कशी असावी, असा त्याचा विषय. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास त्यावर लिहिलं, तेव्हा अभ्यासकांचं लक्ष तिकडे गेलं. दख्खनच्या नद्यांवर बसून आमिषाचा विचार करणारी माणसं नऊशे वर्षांपूर्वी होती, आणि तो विचार लिहून ठेवण्याजोगा आहे असं एका राजाला वाटलं, याचा मला फार आनंद होतो.

सोमेश्वराच्या काळी आपले आजचे कटला-रोहू मात्र इथे नसणार. ही मंडळी गंगेच्या खोऱ्यातली. बंदिस्त तळ्यात ते अंडी घालत नसत, म्हणून त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्याच मेंदूलगतच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्पांकडून तळ्यात अंडी घालवून घेतली, आणि देशभर बीज केंद्रं उभी राहण्याचा मार्ग मोकळा झाला. गवत्या आणि चंदेऱ्या १९५९ साली बाहेरून आले. सायप्रिनसची एक जात १९३९ साली सिलोनहून निलगिरीत आणली होती, दुसरी १९५७ साली बँकॉकहून आली. आपल्या धरणांत आज जे सोडलं जातं ते बहुतांशी यांचंच बीज. येरवड्याला कटला आणि रोहू दिसतात ते मुख्यतः पावसाळ्यात, खडकवासल्यातून पाणी सुटलं की. धरणातले मासे लोंढ्याबरोबर मुठेत उतरतात, संगमावरून खाली येतात आणि बंधाऱ्यापाशी सापडतात. त्या दिवसांत काठावर जाळी, पाग, गळ, सगळ्यांची गर्दी होते.

त्याआधी इथे काय होतं, हे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यामुळे आपल्याला ठाऊक आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून ते १८२०च्या दशकात दख्खनभर हिंडले आणि १८३९ साली त्यांनी केलेली इथल्या माशांची वर्णनं लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केली. काठावरचे लोक जी नावं सांगत, तीच त्यांनी शास्त्रीय नावांत घातली: खुद्री, कोळस, मळ्या, नुकटा. दख्खनच्या महासीरला जगभर आज ‘टॉर खुद्री’ म्हणतात. साइक्स यांचा तो नमुना मुळा-मुठेतला, पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवरचा. म्हणजे येरवड्यावरून वाहत गेलेल्या पाण्यातलाच. महासीर हाही कार्प कुळातलाच, पण त्याला वाहतं, गार, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. १९४२ साली फ्रेझर यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिलं. २००३ साली वाघ आणि घाटे यांनी मुळा-मुठेची यादी पुन्हा केली, तेव्हा जुन्या याद्यांतल्या कित्येक जाती मिळाल्या नाहीत आणि बाहेरून आलेल्या जाती स्थिरावलेल्या दिसल्या.

येरवडा गावठाणातल्या एका आजोबांना मी याबद्दल विचारलं. ते म्हणाले, ‘‘पानशेत फुटायच्या आधी आम्ही इथं पोहायचो बाळा. उभं राहिलं की पायाची बोटं दिसायची. गळाला पीठ कोण लावतंय तेव्हा? दगड उलटला की दानवं मिळायचं, तेच लावायचं.’’ पानशेत धरण फुटलं १२ जुलै १९६१ला. दानवं, म्हणजे गांडूळ, हे आमिष आजही चालतं, पण त्याला आता मुख्यतः मांगूर येतो. तोही बहुधा आफ्रिकी, ज्याच्या संवर्धनावर आपल्याकडे बंदी आहे.

मांगूर का येतो, सायप्रिनस का तगतो आणि कटला पावसाळा सरला की दिसेनासा का होतो, याचं उत्तर प्राणवायूत आहे. कार्पांच्या तळ्यात लिटरमागे पाच मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू असावा, असा साधारण दंडक आहे. शहराचं सांडपाणी घेऊन येणाऱ्या नदीत जिवाणू तो खाऊन टाकतात. मांगूर तोंड वर काढून हवेतून श्वास घेतो, चिलापी आणि सायप्रिनस कमी प्राणवायूवर निभावतात, कटल्याला ते जमत नाही. त्यामुळे पावसाळा सोडला तर येरवड्याला ‘किती सोडलंय?’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर एकच: तळाला. वरच्या थराचा मासाच उरलेला नसेल तर चार हातांवर लटकलेल्या सुगंधी पिठाचा उपयोग काय?

याच कारणाने इथे आणखी एक रूढ नियम उलटा पडतो. मासेमारीचं कोणतंही पुस्तक पहाट सांगतं. येरवड्याला पहाट सर्वांत वाईट. पाण्यातलं शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच वापरतं, त्यामुळे उजाडताना पाणी सर्वांत गुदमरलेलं असतं. वर जलपर्णीची चादर असेल तर उजेडही आत जात नाही. ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या पुढे मासा हलायला लागतो. जागा निवडायची तर बंधाऱ्याच्या खालची. पाणी पडतं, फेसाळतं आणि हवा घेतं, तिथे मासे गोळा होतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून हा बंधारा झाला, १८६७ साली त्याच्यालगत फिट्झजेराल्ड पूल उभा राहिला. तेव्हा हेतू पाणी अडवण्याचा होता. आज त्याच बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळच्या माशांना श्वास घ्यायला जागा देतं. तिथला पांढरा फेस मात्र बऱ्याच अंशी साबणाचा असतो, त्याला धबधबा समजून कुणी फसू नये.

थंडीत आमिष बदलावं लागतं. पाणी गार झालं की माशाचं पचन मंदावतं, आणि पेंडीतलं तेलही गार पाण्यात नीट पसरत नाही. दिवाळीनंतर पेंड कमी करून कोंडा आणि पावाचा चुरा वाढवावा, गूळ घालावा, गोळे लहान करावेत. मसाल्यांबद्दल प्रत्येकाचं गुपित असतं: बडीशेप, भाजलेली मेथी, वेलची, हिंग, ओवा. पवईच्या तलावावर, जिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५पासून काम करते आहे, मुरलेले लोक या मिश्रणांवर तासन्‌तास बोलतात. माझं मत असं, की मसाला शेवटचा. जागा, थर, आमिषाचा कडकपणा आणि गळाचा आकार ही चार उत्तरं बरोबर असतील तर साधी कणीकही पुरते. घाटावर आयाबाया पुण्य म्हणून माशांना कणकेचे गोळेच तर टाकत आल्या आहेत. ती चव माशांच्या ओळखीची असते.

एका मांडणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. तारेच्या स्प्रिंगवर पिठाचा मोठा गोळा दाबायचा आणि त्याच्याभोवती सहा-आठ गळ खोचायचे, ही पद्धत पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत सर्रास चालते. मासा गोळा फोडायला येतो आणि त्यातला एखादा गळ तोंडात अडकतो. अडकला की तो उसळतो आणि उरलेले गळ डोळ्यात, कल्ल्यात, पोटात घुसतात. असा मासा सोडून दिला तरी जगण्याची आशा कमी. स्प्रिंग वापरायचीच असेल तर खाद्य पसरायला वापरावी, गळ एकच ठेवावा, शिजवलेल्या चण्याचा, केसाच्या मांडणीवर, आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. मासा ओठात धरला जातो आणि दोन बोटांनी सुटतो.

सोडून द्यायचा, कारण येरवड्याचा मासा घरी नेऊ नये. तळ चिवडणाऱ्या माशाच्या अंगात गाळातलं सगळं साठत जातं, आणि इथल्या गाळात शहराने काय काय ओतलंय हे नाकाला कळतं. हे मी बंधाऱ्यावर बोललो तेव्हा एका तरुणाने सरळ उत्तर दिलं: ‘‘दादा, तुम्ही सोडा. आमच्या घरी आज हेच कालवण आहे.’’ त्याला उपदेश करायचा अधिकार मला नाही. नदी साफ ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांनी त्याच्या ताटाचा हिशेब द्यायला हवा. काठ बांधून, पदपथ आखून माशाला श्वास मिळत नाही. नाल्यांचं पाणी नदीत पडण्याआधी शुद्ध झालं तर मिळतो.

लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महासीरची पैदास होते आहे, तेव्हा बोटुकली मिळणं अवघड नाही. अधूनमधून कुणी सुचवतं, की ती आणून मुळा-मुठेत सोडावीत. आजच्या पाण्यात ती आठवडाभरही टिकणार नाहीत. आधी पाहिजे तो बारमाही वाहता प्रवाह, दगडगोट्यांचा उघडा तळ आणि भर पहाटेलाही लिटरमागे पाच मिलिग्रॅम प्राणवायू. महानगरपालिकेने बंधाऱ्याच्या वर आणि खाली रोज पहाटे प्राणवायू मोजून तो आकडा पुलावर फळ्यावर लिहावा, अशी माझी मागणी आहे. गळवाले तो रोज वाचतील, आणि ज्या वर्षी फळ्यावर पाच दिसेल त्या वर्षी बूच पुन्हा लावून चार हातांवर सोडून बघतील.